बेडकाच्या अंड्यात कोण कोणाशी बोलतं? तळ्याकाठी बसून शिकायची एक रीत

सोलापुरात जूनचा पाऊस हूल देतो; भरवसा सप्टेंबरच्या पावसाचा. असा एखादा मोठा पाऊस रात्रभर कोसळून गेला की पहाटे कंबर तलावाच्या कडेला, बांधालगतच्या डबक्यात, नाहीतर इमारतीसाठी खणून ठेवलेल्या खड्ड्यातसुद्धा पाणगवताला गुंडाळलेले चिकट, लांबच लांब दोरे दिसतात. काळ्या मण्यांची पोत पाण्यात सोडून दिल्यासारखे. ती भेकाची अंडी. आपण सगळ्यांनाच बेडूक म्हणतो, पण अंगावर चामखिळी असलेला, उड्या मारण्यापेक्षा चालणंच पसंत करणारा तो भेक.

मी प्राणिशास्त्र शिकवते. भ्रूणविज्ञानाचं प्रकरण आलं की मुलं स्पेमान, ऑर्गनायझर, १९२४, नोबेल १९३५ एवढं पाठ करून मोकळी होतात. स्पेमान हा जर्मन भ्रूणशास्त्रज्ञ, आणि ऑर्गनायझर म्हणजे शेजारच्या ऊतींनी पुढे काय व्हायचं ते सांगणारा भ्रूणातला छोटा तुकडा. उत्तरपत्रिकेत दर वर्षी एक वाक्य हमखास सापडतं: "ऑर्गनायझरपासून मेंदू तयार होतो." हे वाक्य चूक आहे, आणि ते का चूक आहे हे ज्याला उमगलं त्याला अख्खं प्रकरण उमगलं. म्हणून बारावी आणि बीएस्सीच्या मुलांसाठी, आणि त्यांना शिकवणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी, एक पाऊस आणि दीड-दोन दिवस हाताशी धरून हा विषय कसा शिकायचा ते इथे पायरीपायरीने सांगते.

एक गोष्ट आधीच सांगते. एका ऊतीने दुसरीला दिलेला निरोप डोळ्यांना दिसत नाही. तळ्याकाठी दिसतो तो निरोपाचा परिणाम. आणि ज्या प्रयोगांमधून हे निरोप उलगडले ते आपल्या भेकावर झालेले नाहीत. ते झाले युरोपातल्या न्यूटवर, मेक्सिकोच्या ॲक्सोलॉटलवर (हे दोघे बेडकांचे शेपटीवाले भाऊबंद) आणि आफ्रिकेच्या झेनोपस बेडकावर. आपला भेक त्याच घराण्यातला, त्यामुळे घडामोडींचा क्रम तोच राहतो. तासांचा हिशेब मात्र पाण्याच्या उबेप्रमाणे मागेपुढे होतो.

आदल्या दिवशीची तयारी

मिठाईच्या दुकानात मिळतो तसा पारदर्शक प्लास्टिकचा उथळ डबा, हाताच्या तळव्याएवढा आरसा, मोबाइलला चिमट्याने लावायची मॅक्रो लेन्स, साधा थर्मामीटर, बॅटरी आणि वही. फोल्डस्कोप (कागदी सूक्ष्मदर्शक) असेल तर सोबत घ्या, नसला तरी अडत नाही. भेकाचं अंडं मोहरीच्या दाण्याच्या आसपास असतं. दहापट मोठं दिसलं तरी पुरे.

वहीच्या पहिल्या पानावर चार प्रश्न लिहा. कोण बोलतंय? कोण ऐकतंय? ऐकणाऱ्याचे कान कधी उघडे असतात? बोलणाऱ्याला गप्प केलं तर काय होतं? पुढच्या प्रत्येक पायरीवर याच पानाकडे परत यायचं आहे.

अंडी घरी आणू नका. पहिल्या वर्षी मी ती चूक केली. दोऱ्याचा वीतभर तुकडा घरी नेला आणि ताज्या नळाच्या पाण्यात ठेवला. पाण्यातल्या क्लोरीनचा विचारच मनात आला नाही. दुपारपर्यंत सगळे काळे मणी पांढुरके आणि सुजलेले झाले होते. शंभरेक जीव माझ्या घाईपायी गेले, त्याची टोचणी अजून आहे. तेव्हापासून अंडी मी तळ्याकाठीच बघते: डबा त्याच तळ्याच्या पाण्याने भरायचा, तुकडा सावलीत दहा मिनिटं बघायचा आणि जिथून घेतला तिथेच सोडायचा. हाताला साबण, सॅनिटायझर, डासांचं मलम काही लावलेलं नको. महाविद्यालयासाठी अंडी किंवा प्राणी गोळा करायचेच असतील तर आधी वन विभागाला विचारा. एकटं जाऊ नका, आणि काळ्या मातीच्या निसरड्या काठावर अंधारात तर मुळीच नको.

पहाट: काळी बाजू वर

डब्यात पहिल्यांदा एवढंच बघा: सगळ्या अंड्यांची काळी बाजू वर आहे ना? बाजूने पाहिलं की खालचा भाग फिकट दिसतो. काळा भाग तो प्राणी ध्रुव, फिकट भाग वनस्पती ध्रुव. पिवळ्या बलकाचं वजन खालच्या भागात. फलन झालं की अंडं आपल्या आवरणात मोकळं होतं आणि जड बाजू आपोआप खाली जाते. वेडीवाकडी पडलेली अंडी बहुतेक फलित न झालेली.

या वेळी अंड्याच्या आत एक हालचाल झालेली असते, जी आपल्याला दिसत नाही. फलनानंतर पहिलं विभाजन होण्याआधी अंड्याची बाहेरची साल आतल्या गाभ्यावरून साधारण ३० अंश सरकते. ज्या बाजूने शुक्राणू आत शिरला तिच्या साधारण समोरची बाजू पुढे पाठीची होते. या सरकण्याबरोबर तळातला काही ऐवज त्या बाजूला वाहून नेला जातो. तिथे बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन साठू लागतं. इतर ठिकाणी पेशी हे प्रथिन तयार होताच मोडून टाकत असतात; पाठीच्या बाजूला ते मोडणारी यंत्रणाच थांबवली जाते, म्हणून ते टिकतं. "मोडणाऱ्याला थांबवणं" हे शब्द वहीत अधोरेखित करून ठेवा, पुढे तेच परत परत भेटणार आहेत.

याला पुरावा काय? अंड्याच्या तळावर अतिनील किरण सोडले की साल सरकत नाही, आणि पाठ, कणा, डोकं नसलेला नुसता पोटाचा गोळा तयार होतो. पण तेच किरण दिलेलं अंडं वेळेत तिरकं धरलं, तर जड गाभा स्वतःच्या वजनाने सरकतो आणि पाठ परत मिळते. वर्गात मी हा प्रयोग पाण्याने अर्धा भरलेला फुगा तिरका करून दाखवते. समजायला तेवढा पुरतो.

सकाळ: निरोप देण्याआधीची शांतता

पहाटे लवकर पोचलात तर काळ्या बाजूवरून खाली उतरणारी पहिली चीर दिसेल. झेनोपसमध्ये पहिलं विभाजन फलनानंतर साधारण दीड तासाने होतं आणि पुढची अर्ध्या-अर्ध्या तासाने. आपल्याकडच्या डबक्यात हा वेग पाण्याच्या तापमानावर ठरतो, म्हणून दर वेळी थर्मामीटर बुडवून आकडा लिहाच. मुलांना हे काम कंटाळवाणं वाटतं, पण आकडा नसलेली नोंद पुढच्या वर्षीच्या नोंदीशी ताडता येत नाही.

सुरुवातीचे काही तास भ्रूण स्वतःची जनुकं जवळजवळ वापरतच नाही. सगळं चालतं ते आईने अंड्यात भरून दिलेल्या शिदोरीवर. झेनोपसमध्ये १२ विभाजनं होऊन चारेक हजार पेशी झाल्या की भ्रूणाची जनुकं जागी होतात. या टप्प्याला मिड-ब्लास्ट्युला ट्रान्झिशन म्हणतात. ऊतींमधलं खरं बोलणं इथून जोर धरतं.

दुपारकडे: खालचे बोलतात, वरचे ऐकतात

पाठ्यपुस्तकांनी ज्याला सगळ्यांत कमी जागा दिली आहे तो हा टप्पा. माझ्या मते मात्र मुलांनी इथेच जास्त वेळ थांबायला हवं.

ब्लास्ट्युलाच्या, म्हणजे या टप्प्यावरच्या हजारो पेशींच्या गोळ्याच्या, वरच्या काळ्या भागाची टोपी कापून साध्या क्षारद्रावणात एकटी ठेवली तर तिची नुसती कातडी होते. खालचा बलकाचा भाग एकटा ठेवला तर त्याचा बलकाने भरलेला गोळाच राहतो. स्नायू, कणा, रक्त यांतलं काहीच दोघांपैकी कोणाला एकट्याने जमत नाही. डच शास्त्रज्ञ पीटर न्यूकूपने १९६९ मध्ये ॲक्सोलॉटलच्या भ्रूणातली वरची टोपी थेट खालच्या गोळ्यावर ठेवली, मधला पट्टा वगळून. टोपीतल्या पेशींपासून स्नायू झाले, रक्त झालं, पृष्ठरज्जू, म्हणजे पाठीतला आधाराचा दांडासुद्धा झाला. मध्यस्तर, म्हणजे मीसोडर्म, हा कोणी आयता दिलेला थर नाही. खालच्यांनी वरच्यांना सांगितलं म्हणून तो तयार झाला.

आता वहीतले चार प्रश्न इथे लावून पाहा. बोलणारा कोण? बलकाचा तळ. ऐकणारा कोण? वरची टोपी. कान कधी उघडे? ब्लास्ट्युलाच्या काळात. टोपी म्हातारी झाली, गॅस्ट्रुला या पुढच्या टप्प्यापलीकडे गेली की तोच निरोप तिच्यापर्यंत पोचत नाही. बोलणाऱ्याला गप्प केलं तर? तळात आईने ठेवलेला व्हेजटी नावाचा आरएनए काढून टाकला की तळाची वाचाच जाते: ना धड अंतःस्तर होतो, ना नेहमीसारखा मध्यस्तर.

निरोप नेणाऱ्या प्रथिनांची नावं नोडल घराण्यातली. त्यांचंच भावंड ॲक्टिव्हिन, जे प्रयोगशाळेत टोपीवर ओतून पाहता येतं. ते थोडं ओतलं तर टोपी कातडीच राहते, मात्रा वाढवली तर स्नायू होतो, आणखी वाढवली तर पृष्ठरज्जू. १९९० मध्ये ग्रीन आणि स्मिथ यांनी झेनोपसच्या सुट्या पेशींवर दाखवलं की मात्रेत दीडपटीचा फरक पडला तरी पेशीचं नशीब बदलतं. शेंगा चटणीत तिखट किती पडलं हे जिभेला कळतं, पण पेशीची जीभ त्याहून बारीक. न्यूकूपने आणखी एक गोष्ट दाखवली होती: तळाचा पाठीकडचा भाग टोपीत कणा आणि स्नायू घडवतो, पोटाकडचा भाग मुख्यतः रक्त. पहाटे जी साल सरकली तिच्यामुळेच हा फरक. पाठीच्या बाजूला बीटा-कॅटेनिन आधीच साठलेलं असल्यामुळे तिथे नोडलचा आवाज चढा आणि लवकरचा.

ओठ दिसला की थांबा

आता आरसा काढा. डबा दोन पेल्यांच्या काठांवर टेकवा आणि खाली आरसा तिरका ठेवा, म्हणजे अंड्यांचा तळ दिसेल. फिकट भागाच्या कडेला एक बारीक काळी कोर उमटलेली दिसली की समजा गॅस्ट्रुलेशन, म्हणजे पेशींचं आत वळणं, सुरू झालं. नखाने हलकंच दाबून उमटवावी तशी कोर. झेनोपसमध्ये २३ अंशाला ही फलनानंतर नऊ-दहा तासांनी येते. पुढच्या तासांत तिची दोन्ही टोकं वळत जातात आणि पूर्ण वर्तुळ होतं, आणि वर्तुळाच्या मधोमध बलकाचा पांढुरका बूच उरतो. मुलांनी या कोरीचं चित्र स्वतः काढावंच, फोटो असला तरी.

ही कोर म्हणजेच डॉर्सल लिप, पाठीकडचा ओठ; ऑर्गनायझर म्हणतात तो हाच. इथून पेशी आत वळतात आणि वरच्या थराच्या खालून पुढे सरकतात. स्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांचा प्रयोग याच ओठावरचा. जर्मनीतल्या फ्रायबुर्गला हिल्डेने फिकट रंगाच्या न्यूट जातीच्या भ्रूणातून हा ओठ कापला आणि गडद जातीच्या भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला बसवला. प्रतिजैविकं तेव्हा नव्हती, त्यामुळे शेकडो भ्रूणांतली मोजकीच जगली. जी जगली त्यांच्या पोटाला दुसरं शरीर फुटलं होतं. शोधनिबंध १९२४ मध्ये छापून आला, आणि त्याच वर्षी घरातल्या हीटरच्या भडक्यात भाजून हिल्डे गेली. पंचविशीतली मुलगी. १९३५ चं नोबेल स्पेमानला मिळालं. हे मी वर्गात दर वर्षी सांगते, कारण ज्या हातांनी सुई धरली ते हात विसरले जाऊ नयेत.

आता दोन जातींच्या रंगात एवढं काय होतं ते कणकेतून बघू. ज्वारीचं पीठ यासाठी घेऊ नका, ते ताणलं की फाटतं. गव्हाची घट्ट कणीक घ्या. एक गोळा साधा, दुसरा हळद घालून पिवळा. पिवळ्या गोळ्याच्या ओठाचा वाटाण्याएवढा तुकडा कापा आणि साध्या गोळ्याच्या पोटाकडे बसवा. मग मुलांना सांगा: आता पोटावर दुसरं शरीर काढा, कणा, चेतानलिका (जिच्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो ती नळी), स्नायूंचे ठोकळे, सगळं, पण कुठला भाग पिवळा आणि कुठला साधा ते ठरवून काढा.

बहुतेक जण सगळंच पिवळं करतात. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने मात्र हात आखडता घेतला आणि विचारलं, "मॅडम, तुकडा तर वाटाण्याएवढा. एवढ्यात अख्खं शरीर कसं पुरेल?" तिचा प्रश्न अगदी वर्मावर होता. प्रत्यक्षात दुसऱ्या शरीराचा पृष्ठरज्जू मुख्यतः फिकट, म्हणजे बसवलेल्या तुकड्याचा. चेतानलिका जवळजवळ सगळी गडद, म्हणजे यजमानाची. स्नायूंचे ठोकळे मिश्र. ऑर्गनायझर मेंदू होत नाही. शेजारची जी कातडी पोटाची व्हायची होती, तिला तो मेंदूच्या वाटेला लावतो. दोन रंग नसते तर हे कधीच सिद्ध झालं नसतं. कणकेचा हा खेळ ज्याने एकदा हाताने केला, त्याने उत्तरपत्रिकेत ते चुकीचं वाक्य लिहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

निरोप काय होता?

पुढची जवळजवळ सत्तर वर्षं हा प्रश्न शास्त्रज्ञांना छळत राहिला. १९३२ मध्ये कळलं की मारून टाकलेला ऑर्गनायझरसुद्धा न्यूटमध्ये चेताऊती घडवू शकतो, मग तर नुसती झुंबड उडाली. नाना प्राण्यांच्या ऊती, नाना रसायनं, मिथिलीन ब्लूसारखा रंगसुद्धा लावून पाहिला, आणि यांतलं कितीतरी चाललं! ज्या कुलपाला कुठलीही किल्ली लागते त्याची खरी किल्ली कोणती म्हणायची? बरेच जण कंटाळून हा विषय सोडून गेले.

उलगडा झाला तो असा. टोपीच्या पेशींना बीएमपी नावाचं प्रथिन सतत सांगत असतं: कातडी व्हा, कातडी व्हा. ऑर्गनायझर जी प्रथिनं बाहेर सोडतो त्यांत १९९२ मध्ये नॉगिन सापडलं, १९९४ मध्ये कॉर्डिन, आणि फॉलिस्टॅटिनची कामगिरीही त्याच सुमारास कळली. ही तिन्ही प्रथिनं पेशीला "मेंदू हो" असं काहीच सांगत नाहीत. ती पेशीच्या बाहेरच बीएमपीला मिठी मारून धरतात आणि त्याला पेशीच्या कानापर्यंत, म्हणजे रिसेप्टरपर्यंत, पोचू देत नाहीत. कातडीचा हुकूम थांबला की पेशी आपल्या मूळ ओढीने चेताऊतीकडे वळते.

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांचं बालपण गेलं त्यांना हे लगेच पटतं. दिवसभर यंत्रमागांची खटखट इतकी अंगवळणी पडलेली असते की ती ऐकूच येत नाही. लाइट गेली की गल्ली एकदम गप्प होते आणि माणसं आपोआप ओट्यावर येतात. कोणी हाक मारलेली नसते, खटखट थांबणं हीच हाक. ऑर्गनायझरचा निरोप असाच आहे, आणि पहाटेच्या बीटा-कॅटेनिनचीही हीच तऱ्हा होती.

वाटेल ते रसायन का चालत होतं हेही यातून कळतं. न्यूटची टोपी त्या वाटेच्या काठावरच उभी असते, जरा धक्का लागला की घसरते. १९८९ मध्ये ग्रुंझ आणि टाके यांनी झेनोपसच्या टोपीच्या पेशी नुसत्या सुट्या करून काही तास द्रावणात ठेवल्या. बीएमपी पाण्यात विरून गेलं आणि कुठलाही ऑर्गनायझर न लावता त्या चेतापेशी झाल्या. २००५ मधले दोन प्रयोग तर माझे फार आवडते. एकात कॉर्डिन, नॉगिन, फॉलिस्टॅटिन तिन्ही एकदम बंद केली, आणि बेडकाच्या भ्रूणाची पाठीची बाजू जवळजवळ नाहीशी झाली. दुसऱ्यात बीएमपी घराण्यातली चार प्रथिनं बंद केली, आणि सगळा बाह्यस्तर चेताऊती झाला. एकमेकांचे आरसे असावेत असे हे दोन प्रयोग.

पण मुलांना इथे सावध करा. नुसतं बीएमपी रोखलं की सगळं झालं असं नाही; एफजीएफ नावाचा दुसरा निरोपही लागतो, आणि तो बराच आधीपासून काम करत असतो. परीक्षेत "फक्त" हा शब्द जपून वापरायचा.

संध्याकाळ: करंजीच्या कडा

संध्याकाळी किंवा रात्री, बॅटरीच्या उजेडात, पाठीवर एक सपाट पट्टा दिसतो आणि त्याच्या दोन्ही कडा उचललेल्या असतात. हाच चेतापट्ट. करंजीच्या कडा जवळ आणून मिटाव्यात तशा त्या कडा मिटतात आणि नळी होते. पुढचं टोक रुंद, मागचं अरुंद: पुढे मेंदू, मागे मज्जारज्जू.

पुढे डोकं आणि मागे शेपूट कोण ठरवतं? मागच्या बाजूला विंट, एफजीएफ आणि रेटिनॉइक आम्ल या निरोपांचा जोर असतो. डोक्याच्या भागात मात्र ऑर्गनायझरच्या आघाडीवरच्या पेशी सर्बेरस आणि डिककॉफ ही प्रथिनं सोडतात. दोन्ही पुन्हा रोखणारीच: डिककॉफ विंटला अडवतं, सर्बेरस बीएमपी, नोडल आणि विंट तिघांनाही. गंमत अशी की पहाटे ज्या विंटच्या वाटेने पाठ ठरली (बीटा-कॅटेनिन याच वाटेवरचं), तीच वाट गॅस्ट्रुलेशननंतर उघडी राहिली तर डोकं होत नाही. शब्द एकच, सकाळी एक अर्थ, संध्याकाळी दुसरा. म्हणून वहीतल्या तिसऱ्या प्रश्नात "कधी" हा शब्द आहे.

धागा ज्याचा त्याचा

कान उघडे असणं याला शास्त्रात कॉम्पिटन्स म्हणतात. मी ग्रहणक्षमता म्हणते. ती समजावून सांगायला १९३२ चा स्पेमान आणि शोटे यांचा प्रयोग घ्या. बेडकाच्या भ्रूणातली पोटाची कातडी त्यांनी न्यूटच्या भ्रूणाच्या तोंडाच्या जागी बसवली. न्यूटच्या ऊतींनी सांगितलं, "इथे तोंड कर." कातडीने ऐकलं आणि तोंड केलं, पण बेडकाच्या पिल्लाचं: चिकट ग्रंथी आणि शिंगासारखे जबडे असलेलं, जे न्यूटला कधी नसतात.

हे वर्गात पटवता पटवता मी थकले होते. वडील मागावर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने ते एका वाक्यात सोडवलं. म्हणाली, "मागावर नक्षी पाडणाऱ्या जॅकार्डच्या पुठ्ठ्याला भोकं असतात, मॅडम. कुठला धागा उचलायचा एवढंच पुठ्ठा सांगतो. रंग ताण्यात जो भरलाय तोच येणार." पुठ्ठा न्यूटचा, ताणा बेडकाचा. चादरीवर मोर कुठे येणार ते पुठ्ठ्याने ठरवलं, मोराचा रंग धाग्याने. तेव्हापासून मी तिच्याच शब्दांत शिकवते.

डोळ्याच्या भिंगाचंही थोडक्यात. १९०१ मध्ये स्पेमानने बेडकाच्या भ्रूणातला डोळ्याचा कप नष्ट केला, त्या बाजूला भिंग झालं नाही. १९०४ मध्ये वॉरन लुईसने डोळ्याचा कप दुसऱ्या जागच्या कातडीखाली सरकवला, तिथे भिंग झालं. पुस्तकं इथे थांबतात. पुढच्या कामातून दिसलं की भिंगाची तयारी डोळ्याचा कप येण्याच्या खूप आधी, चेतापट्ट असतानाच सुरू झालेली असते. कप फक्त शेवटचा निरोप देतो. एका अवयवामागे एकच निरोप असं समीकरण मुलांच्या डोक्यात बसण्याआधीच ते सैल करून ठेवावं.

उत्तर कसं लिहायचं

"अमुक ऊती तमुक ऊतीला प्रवृत्त करते" असं लिहिलं की लगेच तीन गोष्टी मांडा. काढून पाहिलं तेव्हा काय झालं? भलत्या जागी लावून पाहिलं तेव्हा काय झालं? काढलेलं परत दिल्यावर बिघडलेलं सुधारलं का? पहिल्या प्रश्नातून निरोप गरजेचा आहे का ते कळतं, दुसऱ्यातून तो एकटा पुरेसा आहे का, आणि तिसऱ्यातून आपण खरंच त्याच गोष्टीबद्दल बोलतोय का याची खात्री होते. अतिनील किरणांचं अंडं तिरकं केल्यावर पाठ परत येणं हा या तिसऱ्या प्रश्नाचा सुरेख नमुना. आणि आकृती काढलीत तर यजमान आणि पाहुणा दोन वेगळ्या रंगांत काढा, हळद आठवा.

उत्तराच्या शेवटी कुठल्या प्राण्यावरचा प्रयोग आहे ते लिहा. न्यूकूपचा ॲक्सोलॉटल, मांगोल्डचा न्यूट आणि कॉर्डिनचा झेनोपस यांची सरमिसळ परीक्षकाला लगेच दिसते.

दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी गेलात तर मण्यांचे स्वल्पविराम झालेले दिसतील. डोक्याकडे फुगीर, मागे शेपटीचा कोंब. पाणी उबदार असेल तर संध्याकाळपर्यंत काही जण आवरणातून बाहेर पडून तोंडाखालच्या चिकट ग्रंथींनी गवताच्या पात्याला लटकलेले असतात, अजिबात न हलता. वहीत शेवटचा तापमानाचा आकडा लिहा, वेळ लिहा. या वेळी पिल्लं डब्यात घेऊ नका, लेन्स पाण्याजवळ धरूनच बघा. मग बॅटरी बंद करा, डबा त्याच पाण्याने खळखळून घ्या आणि ते पाणी त्याच डबक्यात ओता.